युद्धात अडकलेल्यांची वाट कोण मोकळी करते?

बीड : जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी, दक्षिणेला मांजरा आणि मधोमध बालाघाटाचे डोंगर. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. परदेशातील युद्ध, बंदरांची नाकेबंदी, जहाजांची जप्ती या बातम्या बीडच्या वाचकाने वर्षानुवर्षे वाचल्या आणि पान उलटले. २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस मात्र खारकीव्ह, सुमी, लव्हीव्ह ही नावे मराठवाड्यातल्या घराघरांत उच्चारली जाऊ लागली. डॉक्टर होण्यासाठी युक्रेनला गेलेल्या मुलामुलींचे पालक रात्र रात्र दूरध्वनीशेजारी बसून होते. सरकार विमान पाठवते म्हणजे नेमके काय करते, विमान असूनही मुले का निघू शकत नाहीत, आणि गोळीबार चालू असताना बसगाड्यांना वाट कोण करून देते, हे प्रश्न तेव्हा साऱ्यांनाच पडले होते.

या प्रश्नांचे उत्तर विमानात किंवा युद्धनौकेत शोधले तर अर्धेच सापडते. परकीय नागरिक आणि जहाजे युद्धातून सुखरूप बाहेर येतात ती मुख्यतः परवानगीने, आणि ही परवानगी एका पक्षाची असून चालत नाही. लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी ठराविक वेळेसाठी, ठराविक वाटेवर बंदुका खाली ठेवायचे मान्य करावे लागते. ते मान्य करवून घेणे हे मुत्सद्द्यांचे काम.

सुमीची बस

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच दिवशी युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. भारताचे 'ऑपरेशन गंगा' २६ फेब्रुवारीला सुरू झाले. रोमानियातील बुखारेस्टहून निघालेले पहिले विमान २१९ भारतीयांना घेऊन मुंबईत उतरले. पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया या शेजारी देशांत चार केंद्रीय मंत्री जाऊन बसले. देशाच्या पश्चिम भागात असलेले विद्यार्थी हाल सोसून का होईना, सीमेपर्यंत पोहोचू शकत होते. खरा पेच होता तो पूर्वेकडील खारकीव्ह आणि सुमीचा. ही शहरे रशियाच्या सीमेलगत असल्याने पश्चिमेकडची वाट संपूर्ण देश ओलांडून जात होती.

१ मार्चला खारकीव्हमध्ये दुकानाबाहेर रांगेत उभा असलेला कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्याच दिवशी दूतावासाने खारकीव्हमधील भारतीयांना तातडीची सूचना दिली: संध्याकाळी सहापूर्वी पिसोचिन, बाबाये किंवा बेझलुदिव्का या गावांपैकी एक गाठा, वाहन मिळाले नाही तर पायी निघा. ही गावे आणि ही वेळ दूतावासाने स्वतःच्या अंदाजाने ठरवलेली नव्हती. रशियाकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे ही सूचना दिल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने नंतर स्पष्ट केले. म्हणजे ज्याच्या तोफा शहरावर रोखलेल्या होत्या, त्याच्याशी दिल्लीचे बोलणे चालू होते, म्हणून ही वेळ कळू शकली.

सुमीत सुमारे सातशे विद्यार्थी उरले. वीज गेलेली, पाणी नाही. बर्फ वितळवून ते पाणी प्यायले. ५ मार्चला त्यांनी ध्वनिचित्रफीत प्रसृत करून आम्ही आता चालत सीमेकडे निघतो आहोत, असे कळवले. दूतावासाने त्यांना थांबवले. ७ मार्चला ते बसगाड्यांत चढले आणि वाट सुरक्षित नसल्याचे सांगून त्यांना खाली उतरवण्यात आले. त्याच दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमीर झेलेन्स्की आणि रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन या दोघांशीही दूरध्वनीवर बोलणे केले. ८ मार्चला बसगाड्या निघाल्या आणि ६९४ विद्यार्थी पोल्टाव्हाला पोहोचले. तेथून रेल्वेने लव्हीव्ह, मग पोलंड. त्याच ताफ्यात बांगलादेश व नेपाळचेही काही जण होते.

७ तारखेची बस आणि ८ तारखेची बस यांत चालक, रस्ता, बर्फ काहीच बदललेले नव्हते. बदलली होती ती दोन्ही सैन्यांकडे गेलेली आज्ञा. त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता आणि त्यावर देशात व परदेशात बरीच टीकाही झाली. ती टीका योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण मॉस्कोचा दूरध्वनी उचलला जात होता आणि कीव्हचाही, याला त्या भूमिकेचा काहीएक आधार होता, हे नाकारता येत नाही.

शेजारच्या नगरची छावणी

युद्धात अडकलेल्या परकीयांची ही काळजी नवी नाही. तिची जुनी खूण बीडच्या अगदी शेजारी, अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आहे. पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू होताच हिंदुस्थानात असलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन व्यापारी, अभियंते, खलाशी एका रात्रीत 'शत्रुदेशाचे नागरिक' ठरले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची रवानगी नगरच्या छावणीत झाली. या स्थानबद्धांना स्वतःचा राजदूत उरला नव्हता. ब्रिटन आणि जर्मनी यांचे संबंध तुटले होते. मग त्यांची दाद कोणी घ्यायची?

आंतरराष्ट्रीय व्यवहारात यासाठी 'संरक्षक सत्ता' नावाची सोय आहे. दोन देशांचे संबंध तुटले की प्रत्येक जण एखाद्या तिसऱ्या, तटस्थ देशाला आपल्या नागरिकांची देखभाल करण्याची विनंती करतो. त्या देशाचा प्रतिनिधी छावणीत जातो, अन्न, औषध, पत्रव्यवहार याची चौकशी करतो आणि तक्रारी लेखी कळवतो. ब्रिटिश मुलखातील जर्मनांची अशी काळजी आधी अमेरिकेकडे होती. १९१७ मध्ये अमेरिका स्वतःच युद्धात उतरल्यावर ती स्वित्झर्लंडकडे गेली. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधीही १९१७ मध्ये नगरची छावणी पाहून गेले. दुसऱ्या महायुद्धात हीच छावणी पुन्हा भरली. तिबेटवरील पुस्तकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारेर १९३९ मध्ये पकडला गेला तेव्हा आधी नगरलाच आणला गेला होता. नाझी राजवटीतून पळून आलेल्या ज्यूंनाही पारपत्र जर्मन म्हणून येथे कोंडण्यात आले, हा त्या व्यवस्थेतला विदारक विनोद.

आज ही व्यवस्था राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेली आहे. तिचा आपल्याला स्वतःलाही अनुभव आहे. डिसेंबर १९७१ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांचे राजनैतिक संबंध तुटले, तेव्हा एकमेकांच्या देशातील दोघांचेही हितसंबंध स्वित्झर्लंडने सांभाळले. संबंध पुन्हा जुळले ते १९७६ मध्ये.

मुरगावातील चार जहाजे

माणसांना छावणी तरी असते. युद्ध पुकारले जाते त्या क्षणी भर समुद्रात असलेल्या व्यापारी जहाजाने कोठे जायचे? सप्टेंबर १९३९ मध्ये हा प्रश्न अरबी समुद्रातील जर्मन जहाजांसमोर उभा राहिला. मुंबई, कराची, कोलंबो ही सारी बंदरे ब्रिटिशांची. तटस्थ असे जवळचे बंदर एकच, पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याचे मुरगाव. 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन जहाजे तेथे येऊन थांबली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर 'अनफोरा' हे इटालियन जहाजही त्यांना येऊन मिळाले.

१९०७ च्या हेग परिषदेतील करारानुसार तटस्थ देशाच्या पाण्यात युद्धाची कारवाई करण्यास मनाई आहे. त्यामुळे ही जहाजे मुरगावात सुरक्षित होती. बंदराबाहेर पडली असती तर ब्रिटिश आरमाराच्या हाती लागली असती. खलाशी साडेतीन वर्षे तेथेच अडकून पडले. पोर्तुगाल तटस्थ होता, पण ब्रिटनशी त्याची शतकानुशतकांची मैत्री होती. ब्रिटनलाही त्या तटस्थतेचा उपयोग होता. अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर तळ मिळवण्यासाठी त्याला लिस्बनची मर्जी हवी होती. म्हणून मुरगावच्या जहाजांवर उघड हल्ला करणे शक्य नव्हते.

'एरेनफेल्स'वर गुप्त बिनतारी यंत्र आहे आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची ठिकाणे कळवली जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तो कितपत खरा होता याविषयी नंतरच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मार्च १९४३ मध्ये या संशयावर जो उपाय झाला तो मात्र अजब होता. 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळाच्या पथकातील मध्यमवयीन व्यापारी व कंपन्यांतील साहेब मंडळी गुपचूप कोचीनला जमली. गाळ वाहून नेणारी 'फीबी' नावाची जुनाट बोट घेऊन ती ९ मार्चच्या पहाटे मुरगावात शिरली आणि 'एरेनफेल्स'वर चढली. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी ठार झाले. जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून उरलेल्यांनी ते स्वतःच बुडवले. ते पाहून इतर तिन्ही जहाजांवरही तेच झाले. सैनिक न वापरता 'खासगी' माणसे वापरली, ती यासाठी की गोष्ट उघडकीस आली तरी ब्रिटिश सरकारला हात झटकता यावेत. वाचलेले खलाशी पोर्तुगीजांच्या अटकेत गेले. या प्रकरणाचा गाजावाजा झाला तो तीस-पस्तीस वर्षांनी, पुस्तक आणि चित्रपट आल्यावर.

गोव्याच्या या घटनेकडे साहसकथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आसरा घेतलेल्या खलाशाच्या बाजूने पाहिले तर ती वेगळी दिसते. कायदा त्याच्या बाजूने होता, पण तो कायदा अंमलात आणण्याची ताकद मुरगावच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे नव्हती आणि त्यासाठी ब्रिटनशी वैर घेण्याची लिस्बनची इच्छाही नव्हती.

परवानगी देणारा भारत

आपण नेहमी परवानगी मागणाऱ्याच्या भूमिकेतून विचार करतो. १९७१ मध्ये भारत परवानगी देणाऱ्यांच्या रांगेत होता. ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. पाकिस्तानी युद्धनौकांबरोबर 'व्हीनस चॅलेंजर' हे लायबेरियाच्या ध्वजाखालील मालवाहू जहाजही बुडाले. ८ डिसेंबरच्या रात्री दुसरा हल्ला झाला. त्यात पाकिस्तानच्या तेलवाहू जहाजाखेरीज ब्रिटिश आणि पनामाच्या ध्वजाखालील जहाजांना तडाखा बसला. रात्रीच्या अंधारात वीस-पंचवीस किलोमीटरवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राला ध्वज दिसत नाही. त्यानंतर कराचीकडे जाणारी परकीय जहाजे थांबली आणि बंदरातील तटस्थ जहाजांना सुखरूप निघू द्यावे, अशी विनंती त्यांच्या सरकारांनी भारताला केली.

त्याच दिवसांत ढाक्यात शेकडो परकीय नागरिक अडकले होते. विमानतळावर भारतीय हवाई दलाचे हल्ले चालू होते. ढाक्यातील इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल रेडक्रॉसने तटस्थ क्षेत्र म्हणून घोषित केले आणि परकीयांनी तेथे आसरा घेतला. त्यांना बाहेर काढण्याचे आधीचे प्रयत्न फसले. अखेर भारताने काही तास हल्ले थांबवले आणि १२ डिसेंबरला ब्रिटिश हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानांनी सुमारे चारशे जणांना ढाक्याबाहेर काढले. चार दिवसांनी ढाका पडले. युद्धाच्या अखेरच्या, निकराच्या टप्प्यावर स्वतःच्या सेनेला काही तास हात आखडता घ्यायला सांगणे कोणत्याही सरकारला जड जाते. सुमीच्या वेळी आपण जे मागत होतो, त्याची ही दुसरी बाजू.

कुवेत : मिठीची किंमत

मराठी माणसाच्या आठवणीतील सर्वांत मोठी सुटका अर्थातच कुवेतची. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले. तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. त्यात केरळीयांची संख्या मोठी असली तरी मुंबई, कोकण आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून नोकरीसाठी गेलेलेही कमी नव्हते. ज्या बँकेत पैसे, त्या बँका बंद. ज्या चलनात पगार, ते चलन मातीमोल.

परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेन यांनी त्यांना मिठी मारली आणि ते छायाचित्र जगभर छापून आले. आक्रमकाला मिठी कशासाठी, असा सवाल पाश्चात्त्य देशांनी केला, कुवेतींनाही ते झोंबले. कुवेतमधील सर्व दूतावास बंद करा, असे फर्मान इराकने काढले, तेव्हा भारताने आपला दूतावास बसऱ्याला हलवला, त्यावरही टीका झाली. पण या साऱ्याच्या बदल्यात भारतीयांना कुवेतहून बगदादमार्गे जॉर्डनच्या राजधानीपर्यंत, अम्मानपर्यंत, रस्त्याने जाऊ देण्यास इराकने मान्यता दिली. वाळवंटातील तो प्रवास बसगाड्यांतून, मिळेल त्या वाहनातून झाला. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे आणली. नागरी विमानांनी केलेली जगातील सर्वांत मोठी सुटका म्हणून तिची नोंद आहे.

विमानांची ही कथा सर्वांना ठाऊक आहे. जहाजाची कथा फारशी सांगितली जात नाही. कुवेतमध्ये मागे राहिलेल्या भारतीयांपुढे अन्नाचा प्रश्न होता. ६ ऑगस्टला सुरक्षा परिषदेने इराक व कुवेतवर निर्बंध लादले होते. अन्नधान्यही केवळ 'मानवतावादी परिस्थितीत'च नेता येईल, अशी अट होती. ती परिस्थिती आली की नाही हे ठरवायचे कोणी? भारताने न्यूयॉर्कमध्ये आपले म्हणणे लावून धरले. १३ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने अन्नमदतीविषयीचा ६६६ क्रमांकाचा ठराव केला आणि पाठोपाठ भारतीय जहाजाला परवानगी मिळाली. 'विश्वसिद्धी' हे जहाज अन्नसामग्री घेऊन निघाले. म्हणजे एका मालवाहू जहाजाला आखातात शिरण्यासाठी नाकेबंदी करणाऱ्या आरमारांची, संयुक्त राष्ट्रांच्या समितीची आणि इराकची अशी तिहेरी संमती लागली. महिनाभराहून अधिक काळ त्यात गेला, आणि तेवढा काळ कुवेतमधल्या चुली कशा पेटल्या असतील याचा विचार न्यूयॉर्कच्या सभागृहात किती झाला, कोण जाणे.

येमेन : दिवसाचे काही तास

२५ वर्षांनी हाच प्रसंग येमेनमध्ये आला, पण भारताची तयारी अधिक होती. २६ मार्च २०१५ ला सौदी अरेबियाने येमेनमधील हुथी बंडखोरांवर हवाई हल्ले सुरू केले. आकाश सौदीच्या ताब्यात, राजधानी साना हुथींच्या ताब्यात, एडन बंदरात रस्त्यावरची लढाई. ३० मार्चला पंतप्रधान मोदी यांनी सौदी राजे सलमान यांच्याशी बोलणे केले. दररोज काही ठराविक तास सान्याला उतरण्याची मुभा एअर इंडियाला मिळाली. त्या वेळेत उतरायचे, माणसे भरायची आणि निघायचे. उशीर झाला तर विमान परत. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग जिबुतीत तळ देऊन होते, तर सान्यातील भारतीय दूतावास लढाईतही चालू होता. जमिनीवर हुथींशी आणि आकाशासाठी सौदीशी, असे दुहेरी बोलणे तेव्हा करावे लागले.

समुद्रावरून सोमाली चाच्यांविरुद्धच्या गस्तीवर असलेली 'आयएनएस सुमित्रा' ३१ मार्चला एडनमध्ये शिरली आणि ३४९ जणांना घेऊन जिबुतीला गेली. 'आयएनएस मुंबई' आणि 'आयएनएस तर्कश' मागोमाग आल्या. एडनच्या धक्क्यावर गोळीबार चालू असल्याने 'मुंबई'ला आत जाता आले नाही. लोकांना लहान बोटींतून तिच्यापर्यंत आणावे लागले. एकूण ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर आले. त्याच सुमारास मुकल्ला येथे अडकलेल्या ११ भारतीयांना पाकिस्तानी नौदलाने कराचीला नेले आणि पाकिस्तानने विशेष विमानाने त्यांना दिल्लीला पोहोचवले. भारताने आणलेल्यांत पाकिस्तानीही होते. वर्तमानपत्रांत या बातमीला मिळाली त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी होती, असे आजही वाटते.

जून २०२५ मध्ये इस्रायल व इराण यांच्यात संघर्ष पेटला, तेव्हा 'ऑपरेशन सिंधू'तही हेच घडले. इराणने बंद केलेले आपले आकाश भारतीय विद्यार्थ्यांना नेणाऱ्या विमानांपुरते उघडले.

ध्वज एकाचा, खलाशी दुसऱ्याचा

जहाजांचा प्रश्न आता १९४३ पेक्षा अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. 'एरेनफेल्स'चा मालक, ध्वज आणि खलाशी तिन्ही जर्मन होते. आज जहाजाचा मालक एका देशाचा, ते भाड्याने चालवणारी कंपनी दुसऱ्या देशाची, ध्वज पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांचा, विमा लंडनचा आणि खलाशी भारत, फिलिपिन्स, युक्रेनचे असा प्रकार सर्रास असतो. कायद्याने जहाजाचे पालकत्व ध्वजराष्ट्राकडे. पण कर आणि नोंदणीच्या सोयीसाठी ध्वज घेतलेल्या छोट्या देशाकडे ना आरमार असते ना वजन. जगातील खलाशांत भारतीयांचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याइतका आहे. त्यामुळे कोणतेही जहाज पकडले गेले की त्यावर भारतीय असण्याची शक्यता मोठी आणि त्या जहाजावर भारताचा कायदेशीर अधिकार जवळपास शून्य, अशी स्थिती असते.

१३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड दलाने 'एमएससी एरीज' हे जहाज ताब्यात घेतले. ध्वज पोर्तुगालचा, मालकीचा संबंध इस्रायली उद्योगपतीशी, आणि जहाज निघाले होते आपल्या न्हावाशेवा बंदराकडे. २५ खलाशांपैकी १७ भारतीय. इराणचा राग इस्रायलवर होता, शिक्षा मात्र या २५ जणांना. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी इराणचे परराष्ट्रमंत्री हुसेन आमिर अब्दोल्लाहियान यांच्याशी बोलणे केले. भारताने जहाज मागितले नाही; तसा हक्कच नव्हता. वाणिज्यदूतविषयक १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये अटकेतील आपल्या नागरिकांना भेटण्याचा हक्क दूतावासाला असतो, त्या वाटेने भारत आत गेला. १८ एप्रिलला केरळची तरुण प्रशिक्षणार्थी खलाशी मायदेशी परतली, ९ मेला आणखी पाच जण सुटले. जहाज सुटणे आणि माणसे सुटणे या दोन स्वतंत्र वाटाघाटी असतात, आणि घरच्यांच्या दृष्टीने दुसरीच महत्त्वाची.

तांबड्या समुद्रात तर बोलायचे कोणाशी, हाच पेच होता. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. जगातील बहुतेक सरकारे ज्यांना मान्यता देत नाहीत, त्यांच्याशी अधिकृत बोलणे होत नाही. तेथे मुत्सद्देगिरीची जागा नौदलाने घेतली, पण मर्यादेतच. भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आघाडीत सामील न होता स्वतंत्रपणे युद्धनौका ठेवल्या. जानेवारी २०२४ मध्ये क्षेपणास्त्राने पेटलेल्या 'मॅरलिन लुआंडा'वर २२ भारतीय होते. 'आयएनएस विशाखापट्टणम'च्या पथकाने आग विझवण्यास मदत केली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी मारले गेले. २१ जणांना 'आयएनएस कोलकाता'ने जिबुतीला पोहोचवले. आग लागल्यावर धावून जाणे शक्य झाले, क्षेपणास्त्र सुटू नये अशी व्यवस्था करणे शक्य झाले नाही.

घरी बसलेल्यांच्या हाती काय?

दिल्ली आणि तेहरान यांच्यातील बोलण्यात बीड, आष्टी किंवा अंबाजोगाईतील पालकाला स्थान नसते. तरीही या साखळीची पहिली कडी घरातच असते. दूतावास सुटकेची वेळ मिळवतो ती किती माणसांसाठी आणि कोठून, हे त्याला आधी सांगता आले पाहिजे. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्यासाठी बसमध्ये जागा धरली जात नाही. युक्रेनच्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालयांनी घेतलेली माहिती याच कामासाठी होती.

दूतावासाच्या सूचना वाचण्याचीही एक रीत आहे. युद्धाच्या नऊ दिवस आधी, १५ फेब्रुवारी २०२२ ला, कीव्हच्या दूतावासाने ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्यांनी तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असे सुचवले होते. शब्द सौम्य होते. विद्यापीठे वर्ग बंद करायला तयार नव्हती, विमानभाडे चढले होते, आणि 'विचार करावा' म्हणजे घाई नाही, असा अर्थ अनेकांनी लावला. पण ज्या देशात आपण पाहुणे आहोत त्याच्या तोंडावर 'तुमच्याकडे युद्ध होणार' असे दूतावास म्हणू शकत नाही. त्याची भाषा मुद्दाम मवाळ असते. अशी सूचना आली की घरच्यांनी तिचा अर्थ दोन पायऱ्या वर चढवून घ्यावा, हे उत्तम.

जहाजावर जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मुंबईतील नौवहन महासंचालनालय हे पहिले दार. भरती करणारी संस्था त्यांच्याकडे नोंदलेली आहे की नाही, हे नोकरी घेण्याआधीच तपासता येते. बिगरनोंदणीच्या दलालामार्फत गेलेल्या खलाशाचे जहाज, मालक, ध्वज यांतले काहीच घरच्यांना माहीत नसते आणि संकटात तेच सर्वांत आधी विचारले जाते. कामगार संघटना व जहाजमालक यांच्यातील आंतरराष्ट्रीय करार ज्या जहाजाला लागू आहेत, तेथे घोषित युद्धक्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने परतण्याचा हक्क खलाशाला असतो. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी हे कलम आहे का, हे विचारायला हवे.

परदेशात असलेल्यांनी दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता नोंदवून ठेवावा आणि शहर बदलले की नोंदही बदलावी. घरी जवळ ठेवायच्या गोष्टी फार नाहीत: पारपत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत, राहत्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता, महाविद्यालयाचे किंवा जहाजाचे नाव, जहाज असल्यास त्याचा सात आकडी 'आयएमओ' क्रमांक, आणि सोबतच्या एका तरी मित्राचा दूरध्वनी क्रमांक. जहाजाचे नाव आणि ध्वज विक्रीबरोबर बदलतात, तो क्रमांक मात्र जहाज भंगारात निघेपर्यंत बदलत नाही.